'लवकर निदान' : क्षयाच्या विद्युत्-संवेदकांविषयीच्या लेखनाची चिकित्सा

क्षयजंतूचा डीएनए विजेच्या साहाय्याने ओळखू पाहणाऱ्या उपकरणांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात 'लवकर निदान' हा शब्दप्रयोग हटकून आढळतो. वृत्तपत्रांच्या विज्ञानविषयक पुरवण्या, चर्चासत्रांतील निबंध, प्रयोगशाळांतील कामाचा सामान्य वाचकाला परिचय करून देणारे लेख, या साऱ्यांची मदार बहुधा या दोन शब्दांवर असते. ते इतके निरुपद्रवी दिसतात की त्यांची चिकित्सा करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः या लेखनातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ याच दोन शब्दांत आहे.

'तो पहाटे लवकर उठतो' आणि 'लवकर चल, गाडी सुटेल' या दोन वाक्यांत 'लवकर' हा शब्द एक असला तरी अर्थ एक नाही. पहिल्या वाक्यात तो कालक्रमातील आधीचे स्थान दाखवितो, दुसऱ्यात क्रियेचा वेग. इंग्रजीत या दोहोंसाठी 'अर्ली' आणि 'रॅपिड' असे वेगळे शब्द रूढ असल्यामुळे तेथील वैद्यकीय लेखनात निदान शीर्षकापुरता तरी हा भेद टिकून राहतो. मराठीतही 'आरंभावस्थेतील' आणि 'झटपट' हे शब्द हाताशी आहेतच. तेव्हा दोष भाषेच्या दारिद्र्याचा नव्हे, योजनेतील बेसावधपणाचा आहे. सहा आठवडे चालणारे जंतुसंवर्धन हे अतिशय संथ असते, परंतु एक मिलिलिटर नमुन्यात दहा ते शंभर जंतू असले तरी ते त्यांना वाढवून दाखविते. म्हणजे वेगाच्या अर्थाने ते उशिराचे, पण रोगाच्या अवस्थेच्या अर्थाने लवकरचे निदान ठरू शकते. उलट दहा मिनिटांत उत्तर देणारा एखादा संवेदक जर लाखो जंतू असल्याखेरीज बोलतच नसेल, तर तो झटपट आहे, पण उशिराचा आहे. या दोन गुणांची गल्लत झाली की एकाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होते, आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

'निदान' या शब्दाचीही अशीच कथा आहे. आयुर्वेदाच्या परिभाषेत निदान म्हणजे प्रथमतः रोगाचे कारण. पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती यांसह ते निदानपंचकातील एक अंग. आधुनिक मराठीत त्याचा अर्थ रोगाची ओळख असा स्थिरावला. नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद ही दोन्ही शास्त्रे नांदतात, आणि तेथील विद्यार्थ्यांच्या दोन वर्गांत एकाच शब्दाला दोन इतिहास आहेत. ही अडचण मोठी नाही, कारण संदर्भाने ती सुटते. 'लवकर'ची मात्र सुटत नाही, कारण तेथे दोन्ही अर्थ त्याच संदर्भात बसतात.

हा संवेदक काय करतो हे प्रथम साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी प्रत्येक धागा चार प्रकारच्या घटकांच्या ओळीने बनलेला असतो, आणि एका धाग्यावरील ओळ दुसऱ्यावरील ओळीला ठरलेल्या नियमाने जुळते. क्षयजंतूच्या जनुकसंचाचा संपूर्ण क्रम १९९८ साली प्रसिद्ध झाला; त्यात सुमारे ४४ लाख जोड्या आहेत. त्यांतील क्षयजंतुगटालाच विशिष्ट असा सुमारे वीस घटकांचा एक तुकडा निवडून त्याचा पूरक एकेरी धागा कृत्रिमरीत्या तयार करतात आणि तो सोन्याच्या विद्युदग्रावर गंधकाच्या दुव्याने रोवतात. नमुन्यात जुळणारा धागा असेल तर तो येऊन या रोवलेल्या धाग्याला बिलगतो. डीएनएच्या कण्यावर ऋणभार असल्यामुळे विद्युदग्राच्या पृष्ठभागाची स्थिती पालटते. तेथील विद्युत्प्रवाहाला होणारा अडथळा वाढतो, किंवा मेथिलीन ब्ल्यूसारख्या सूचक द्रव्याचा संकेत कमी-अधिक होतो. हा पालट मोजणे म्हणजेच जंतूची चाहूल घेणे. कल्पना सुंदर आहे यात शंका नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत बी. डी. मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभीच्या काळात पॉलिअ‍ॅनिलिन, झिर्कोनिया यांसारख्या द्रव्यांच्या पातळ थरांवर क्षयजंतूसाठी असे संवेदक रचून दाखविले, आणि जगातील अनेक प्रयोगशाळांत त्याच दिशेने काम झाले.

मराठी लेखन या वर्णनापाशी येते तेव्हा दोन धाग्यांच्या या जुळणीला ते 'संकरण' म्हणते. इंग्रजी 'हायब्रिडायझेशन'चे हे शब्दशः रूपांतर आहे आणि परिभाषेच्या नियमात बसणारेही आहे. परंतु महाराष्ट्रातील वाचकाच्या कानाला 'संकरित' हा शब्द ज्वारीच्या बियाण्यामुळे आणि गाईमुळे परिचित आहे. तो ऐकताच दोन जातींच्या मिश्रणातून तिसरी जात निर्माण झाल्याचे चित्र उभे राहते. येथे मिश्रण होत नाही, तिसरे काही निपजत नाही. दुरावलेली जोडी पुन्हा जुळते एवढेच. 'धाग्यांची जुळणी' या दोन शब्दांत ते सांगून झाले असते. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून मराठीत परिभाषेचे काम पुष्कळ झाले, आणि ते कष्टाने झाले; पण कोशात शब्द सापडला म्हणजे तो वाचकाच्या मनात योग्य जागी पोहोचला असे होत नाही.

यापेक्षा अधिक नुकसान करणारी गोष्ट म्हणजे या लेखनातील लाडकी उपमा : 'मधुमेहाच्या ग्लुकोमीटरसारखे क्षयाचे यंत्र'. उपमा तपासावयाची तर उपमेय, उपमान आणि साधारण धर्म हे तिन्ही पाहावे लागतात. साधारण धर्म येथे आहे. दोन्ही ठिकाणी विद्युदग्रावरील पालट मोजला जातो, यंत्र लहान असू शकते आणि प्रकाशीय भिंगांचा खटाटोप वाचतो. पण उपमानातील जो गुण यंत्राला यश देतो तोच उपमेयात नाही. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर लिटरमागे सुमारे ५ मिलिमोल ग्लुकोज असते. क्षयजंतूच्या डीएनएचे प्रमाण ज्या फेम्टोमोलच्या भाषेत सांगितले जाते, ते याच्या ५ लाख कोटी पटींनी कमी आहे. थेंबभर रक्तात ग्लुकोजचे रेणू गर्दीने उभे असतात, यंत्राने डोळे उघडले की पुरे. नमुन्यातील जंतूंचा डीएनए मात्र शोधावा लागतो, आणि तोही माणसाच्या स्वतःच्या पेशींच्या व इतर जंतूंच्या प्रचंड डीएनएच्या ढिगातून. उपमा जेथे सर्वांत आकर्षक वाटते तेथेच ती मोडते.

'फेम्टो' या उपसर्गानेही पुष्कळ काम केले आहे. तो डॅनिश-नॉर्वेजियन भाषेतील पंधरा या अर्थाच्या शब्दावरून १९६४ साली मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत आला. एकावर पंधरा शून्ये दिली तर जो आकडा होईल, त्याने एकाला भागले की फेम्टो. शोधनिबंधाच्या सारांशात 'एक फेम्टोमोलर इतक्या अल्प प्रमाणात शोध' असे वाचले की मराठी परिचयकार 'अतिसूक्ष्म', 'अभूतपूर्व' ही विशेषणे लावून मोकळा होतो. यापूर्वी एक साधा गुणाकार करणे अवश्य होते. एक मोल म्हणजे सुमारे ६ वर २३ शून्ये इतके रेणू. त्यामुळे एक फेम्टोमोलर द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ६ लाख रेणू असतात. आता क्षयजंतूत जनुकसंचाची प्रत सामान्यतः एक. संशोधक बहुधा 'आयएस ६११०' हा तुकडा निवडतात, कारण तो एकाच जंतूत अनेक वेळा आढळतो. त्याच्या दहा प्रती धरल्या तरी ६ लाख रेणूंसाठी ६० हजार जंतू हवेत. आणि रॉबर्ट कॉख यांनी १८८२ च्या मार्चमध्ये बर्लिन येथे ज्या जंतूचा शोध जाहीर केला, त्याला रंग देऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी दर मिलिलिटरमागे सुमारे ५ ते १० हजार जंतू पुरतात. म्हणजे 'अतिसूक्ष्म' म्हणून गौरविलेला संवेदक, नमुना जसाच्या तसा घातला तर, एकोणिसाव्या शतकातील भिंगापेक्षा बोथट ठरतो. नमुन्यातील सारा डीएनए एका थेंबात एकवटता आला तर हिशेब शंभर पटींनी सुधारतो हे खरे. तरीही दहा मायक्रोलिटरच्या थेंबात ६ हजार रेणू, अर्थात ६०० जंतू, लागतातच. आणि एकवटण्याच्या क्रियेत काहीच वाया जाणार नाही असे धरले तरच एवढे. शिवाय दक्षिण भारतात सापडलेल्या क्षयजंतूंच्या काही वंशांत 'आयएस ६११०'ची एकच प्रत असते, काहींत तो तुकडाच नसतो. या गोष्टीचा उल्लेख परिचयपर लेखांत क्वचितच सापडतो, आणि वाचक भारतातला असताना तो न सापडणे अधिकच खटकते.

संवेदकाचे प्रयोग बहुधा कोणत्या द्रावणात होतात हेही सांगितले पाहिजे. क्षार अगदी कमी असलेल्या स्वच्छ पाण्यासारख्या द्रावणात कृत्रिम धागे सोडले की विद्युदग्र त्यांचा भार ओळखतो. शरीरातील द्रवांइतके क्षार असले की आयनांचे कवच त्या भाराला एका नॅनोमीटरच्या आतच झाकून टाकते. वीस घटकांच्या धाग्याची लांबी सुमारे सात नॅनोमीटर. भारावर विसंबणारे संवेदक अशा वेळी जवळजवळ आंधळे होतात. त्याआधी चिकट बेडका पातळ करावयाचा, क्षयजंतूचे मेणचट कवच फोडावयाचे, दुहेरी धागे उष्णतेने वेगळे करावयाचे, ही कामे उरतातच. लेखात त्यांना 'नमुन्यावर पूर्वप्रक्रिया करून' एवढे एक कृदन्त मिळते. मराठीतील 'करून' हे रूप फार उपकारक आहे. त्याने कर्ता लपतो, वेळ लपतो आणि खर्चही लपतो.

'संवेदनशीलता' हा शब्द या साऱ्या लेखनाचा दुसरा आधारस्तंभ. प्रयोगशाळेत त्याचा अर्थ किती अल्प द्रव्य ओळखता आले हा. रुग्णालयात त्याचा अर्थ शंभर खऱ्या रुग्णांपैकी किती जणांना चाचणीने पकडले हा. पहिल्याचे माप रेणूंत, दुसऱ्याचे टक्क्यांत. कृत्रिम धाग्यांवर सिद्ध झालेली पहिल्या जातीची संवेदनशीलता परिच्छेद ओलांडताना दुसऱ्या जातीची होते आणि लेखाच्या अखेरीस 'रुग्णांना वरदान' ठरते. इंग्रजीतही हा शब्द असाच दुहेरी आहे, तेव्हा हा दोष आयात झाला असे म्हणता येईल. परंतु आयात करताना तपासणी नाकारता येत नाही. पहिल्यासाठी 'शोधसीमा' असा वेगळा शब्द योजला तर निम्मा गोंधळ मिटेल.

विद्युत्-संवेदकाची थट्टा करण्याचे येथे प्रयोजन नाही. डीएनएचे गुणन करणारी क्रिया आणि विद्युदग्र यांची सांगड घातली तर लहान व स्वस्त उपकरण होऊ शकेल ही आशा रास्त आहे. मात्र आजवर प्रत्यक्ष रुग्णापर्यंत जे पोहोचले ते या गुणनाच्या जोरावर पोहोचले, मोजणी विजेची की प्रकाशाची हा प्रश्न दुय्यम ठरला. तीस वेळा दुप्पट केले की एका रेणूचे शंभर कोटींहून अधिक रेणू होतात. मग तो दिसावयास फार तीक्ष्ण डोळा लागत नाही. २०१० च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेले 'जीन-एक्सपर्ट' याच तत्त्वावर दोन तासांच्या आत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही सांगते. त्याची शोधसीमा दर मिलिलिटरमागे सुमारे १३० जंतू. मराठी-कोकणी मुलखाच्या दृष्टीने विशेष म्हणजे गोव्यातील मोलबायो या कंपनीचे 'ट्रूनॅट'. विजेचा भरवसा नसलेल्या ठिकाणी बॅटरीवर चालणारे हे यंत्र गुणन करते आणि प्रकाशाने मोजते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. घराजवळचे हे उदाहरण सोडून परदेशी प्रयोगशाळेतील ग्राफीनच्या पापुद्र्यावर पानेच्या पाने लिहिणारा मराठी लेखक कोणत्या वाचकासाठी लिहितो, असा प्रश्न पडतो.

गुणन करणाऱ्या चाचण्यांनीही 'लवकर'चा पहिला अर्थ पुरा होत नाही. 'जीन-एक्सपर्ट' शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना ओळखते. ज्यांच्या बेडक्यात सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसत नाहीत, म्हणजे जे बहुधा रोगाच्या अलीकडच्या अवस्थेत असतात, त्यांच्यातील प्रमाण ६७ च्या आसपास घसरते. जंतूचा संसर्ग झाला पण रोग प्रकटला नाही अशा माणसाच्या बेडक्यात शोधावे असे काही नसतेच. आणि अशांपैकी शंभरांत पाच ते दहा जणांनाच पुढे आयुष्यात केव्हातरी रोग होतो. उलट उपचार पूर्ण झालेल्या माणसाच्या छातीत मेलेल्या जंतूंचा डीएनए काही काळ रेंगाळतो, आणि अधिक तीक्ष्ण चाचणी त्यालाही 'आढळला' म्हणते. 'डीएनए आढळला' आणि 'रोग आहे' ही दोन विधाने समानार्थी नाहीत. मराठी लेखात ती एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात.

भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीचे निष्कर्ष या संदर्भात बोलके आहेत. क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी उपचारासाठी कोठेही विचारणा केली नव्हती, आणि छातीचे क्ष-किरण चित्र काढले नसते तर सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के हातचे गेले असते. दिरंगाई कोठे आहे ते यावरून उघड होते. येथे रोगाच्या नावाचाही थोडा वाटा असावा. 'क्षय' म्हणजे झीज; 'राजयक्ष्मा' हे नावही देह खंगविणाऱ्या व्याधीचे. रोगाचे नाव त्याच्या शेवटच्या अवस्थेवरून पडले आहे, आणि 'क्षयाचे लवकर निदान' या शब्दसमूहात एक विसंगती घर करून बसली आहे : जो अजून झिजला नाही त्याला झीज म्हणून ओळखावयाचे. ज्याच्या अंगावर मांस आहे त्याच्या खोकल्याला हे नाव द्यावयास जीभ कचरते. 'टीबी' हा उसना शब्द लोकांनी इतक्या सहज स्वीकारला, त्याचे एक कारण तो अर्थशून्य वाटतो हेही असू शकेल.

घाईच्या निदानाने काय होते याचा धडा ताजा आहे. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षय ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या भारतात मोठ्या प्रमाणावर विकल्या जात होत्या. त्या झटपट होत्या, सोप्या होत्या, थेंबभर रक्तावर भागत होत्या; फक्त विश्वासार्ह नव्हत्या. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्याविरुद्ध स्पष्ट मत दिले आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. त्या चाचण्यांच्या बाजूने बोलताना जे गुण सांगितले जात, तेच आज विद्युत्-संवेदकाविषयी लिहिताना बहुधा सांगितले जातात. आकडेमोड पुन्हा साधीच आहे. दहा हजार वस्तीच्या गावात तीस रुग्ण आहेत आणि शंभर निरोग्यांपैकी अठ्ठ्याण्णवांना बरोबर वगळणारी चाचणी सरसकट सर्वांवर केली असे समजावे. सुमारे दोनशे निरोगी माणसांवर क्षयाचा शिक्का बसेल, आणि शिक्का बसलेल्या नवांपैकी जेमतेम एक खरा रुग्ण निघेल. तो शिक्का मराठीत 'संशयित' या शब्दाने बसतो, जो वृत्तपत्रांत चोर-दरोडेखोरांसाठी राखलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या अर्थाचा इंग्रजी शब्द २०१३ च्या व्याख्यांत बदलला. मराठीत तो अद्याप सर्रास चालतो.

सर्वांत साधा शब्द सर्वांत शेवटी. कोणतीही चाचणी, विजेची असो वा प्रकाशाची, नमुन्यापासून सुरू होते, आणि तो नमुना मराठी आरोग्यप्रचारात अनेकदा 'थुंकी' या नावाने मागितला जातो. थुंकी म्हणजे तोंडातील लाळ; चाचणीला हवा असतो तो छातीतून खोकून आलेला बेडका. माणूस सांगितलेले करतो आणि डबीत थुंकतो. मग ज्या नमुन्यात जंतू नाहीत त्यात दिल्लीचा, गोव्याचा किंवा बर्लिनचा कोणताही शोध त्यांना निर्माण करू शकत नाही, आणि कागदावर 'आढळले नाही' असे छापून येते. 'बेडका' हा शब्द शिष्ट लेखनाला ओंगळ वाटतो म्हणून 'थुंकी' आली असावी. या सभ्यतेची किंमत रुग्ण मोजतो. नाशिक जिल्ह्यात तर प्रश्न आणखी एक पायरी खाली उतरतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या बोली आहेत. बागलाण, कळवण, देवळा आणि मालेगावच्या खेड्यांत अहिराणी. मालेगाव शहरात यंत्रमागांवर राबणाऱ्या हजारोंच्या घरी उर्दू. 'सकाळी उठल्यावर खोल श्वास घ्या, छातीतून खोकून बेडका काढा आणि तो या डबीत टाका. तोंडातली लाळ नको' हे वाक्य या प्रत्येक बोलीत माणसे आपापसांत कोणत्या शब्दांनी बोलतात, ते दवाखान्याच्या ओसरीवर बसून ऐकून घेण्याचे काम भाषाविभागाच्या विद्यार्थ्याला एका उन्हाळी सुटीत करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही विद्युदग्राची गरज पडणार नाही.